यादीत पहिला, पंगतीत शेवटचा!
(अक्कलकुवा मतदारसंघाची कहाणी, गिरणी कामगारांसाठी)



महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार निवडून जातात. या २८८ मतदारसंघांची सरकारी यादी एकदा हातात घ्या आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवा. काय लिहिलंय तिथं? क्रमांक १ : अक्कलकुवा. जिल्हा नंदुरबार. अनुसूचित जमातींसाठी राखीव.

आमच्या कोकणातल्या भावांना आठवत असेल, पूर्वी ही यादी सावंतवाडीपासून सुरू व्हायची. २००८ साली मतदारसंघांची फेररचना झाली, यादी फिरली, आणि सातपुड्याच्या कुशीतला अक्कलकुवा पहिल्या नंबरावर आला. त्यातही पहिलं मतदान केंद्र कोणतं? मणिबेली! नर्मदेच्या काठचं गाव. तिथं मतदानाची यंत्रं घेऊन अधिकारी जातात ते सरदार सरोवराच्या पाण्यावरून, होडीत बसून. महाराष्ट्राचं पहिलं मत असं पाण्यातून वाट काढत येतं.

ऐकायला किती गोड! पण बाबांनो, यादीतला हा पहिला पंगतीतला शेवटचा आहे. वाढपी त्याच्यापर्यंत पोचतो तेव्हा भांड्याचा तळ खरवडायची वेळ आलेली असते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के, नंदुरबार जिल्ह्याची ६४.३८ टक्के, म्हणजे सगळ्या जिल्ह्यांच्या तळाला. जिल्ह्यात १०० माणसांत ६९ आदिवासी. डोंगरातली बाळंतीण अडली तर अजूनही कित्येक पाड्यांवरून तिला बांबूला झोळी बांधून खाली आणावी लागते. त्या झोळीला लोकांनी नाव ठेवलंय ‘बांबूलन्स’. हसू नका. ज्याच्या घरची बाई त्या झोळीत असते त्याला हसू येत नाही.

तुम्ही म्हणाल, “आम्ही लालबाग-परळची माणसं. गिरण्या गेल्या, भोंगे मुके झाले, घराची सोडत कधी लागते म्हणून आम्हीच कागद घेऊन फिरतोय. आम्हाला त्या डोंगराचं काय सांगता?” सांगतो. कारण हा डोंगर ज्या राज्यात आहे ते राज्य तुमच्या बापजाद्यांच्या रक्तानं आलेलं आहे. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर गोळी झाली ती कोणावर? संपावर उतरलेल्या कामगारांवर! १०६ हुतात्म्यांनी प्राण दिले ते कशासाठी? ‘लोकांचं राज्य, लोकांच्या भाषेत’ एवढ्यासाठी. मग ज्यानं किंमत मोजली त्यानंच माल तपासून घ्यायचा असतो. दुकानदारावर सोपवायचा नसतो.

म्हणून ही कहाणी ऐका. यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येणार आहे : “तिथल्या माणसाला विचारलं कोणी?”

कुंपणापलीकडचा मुलूख

इंग्रजांनी १९०६ साली खानदेशचे दोन तुकडे केले, पूर्व आणि पश्चिम. पश्चिम खानदेश म्हणजे आजचे धुळे आणि नंदुरबार जिल्हे. तापीकाठची काळी जमीन, तिच्यात कापूस. तोच कापूस धुळ्याच्या न्यू प्रताप मिलमध्ये, अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये आणि मुंबईच्या त्रासनखात्यात सूत होऊन फिरला. तुमच्या साच्यावरच्या धाग्याची मुळं या मातीत होती. पण ज्या भिल्लाच्या पायाखाली ती माती होती, तो सावकाराच्या वहीवर अंगठा उठवता उठवता डोंगराकडे सरकत गेला. जमीन खाली राहिली, माणूस वर गेला.

वर डोंगरात मेवासी संस्थानिकांची गावं होती. काठीचे, नालचे, सिंगपूरचे, नवलपूरचे पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावे. काठीची राजवाडी होळी आजही मुलखात प्रसिद्ध आहे. ही संस्थानं, अक्राणी महाल, नवापूर पेटा आणि शहादे, नंदुरबार, तळोदे हे तालुके, एवढ्या सगळ्या मुलखाला १९३५ च्या कायद्याखाली इंग्रजांनी नाव दिलं ‘अंशतः वर्ज्य प्रदेश’. वर्ज्य! जसा उपासाला कांदा वर्ज्य तसा कायदेमंडळाला हा माणूस वर्ज्य. मुंबईच्या कायदेमंडळानं केलेला कायदा गव्हर्नरानं हुकूम काढला तरच तिथं लागू होणार, नाहीतर नाही.

आणि त्या कायदेमंडळात जागा किती? १९३५ च्या कायद्यानं मुंबई इलाख्याच्या विधानसभेला १७५ जागा दिल्या. त्यांत व्यापारउद्योगवाल्यांना ७, कामगारांना ७, जमीनदारांना २, गोऱ्या साहेबांना ३. आणि मागासलेले प्रदेश व जमाती यांना? १! अख्ख्या इलाख्यात एक! मूठभर गोऱ्यांना ३ आणि सह्याद्री-सातपुड्याच्या साऱ्या आदिवासींना १. तेव्हा मताचा हक्कही शेतसारा भरणाऱ्याला, घरभाडं भरणाऱ्याला, शिकलेल्याला. डोंगरातल्या माणसाजवळ ना सातबारा, ना भाड्याची पावती, ना शाळेचा दाखला.

पण तो मुकाट बसला होता असं समजू नका. १९३८ च्या सुमारास तळोद्याच्या बाजूला गुलाम महाराजांनी आदिवासींना दारू सोडायला, स्वच्छ राहायला आणि एकमेकांना ‘आप’ म्हणून मान द्यायला शिकवलं. हजारो माणसं आरतीला जमू लागली. माणसं दारू सोडू लागली तर भट्टीवाल्याचं पोट दुखतं, आणि मान वर करू लागली तर सावकाराचं. गुलाम महाराजांच्या मागं त्यांचे बंधू रामदास महाराज पुढं आले, तर सरकारनं त्यांना हद्दपार केलं. माणूस जागा झाला की त्याला जिल्ह्याबाहेर काढायचं, ही रीत गिरणीवाल्यांना नवी नाही!

१९५७ ला मत दिलं, १९६० ला गावं गेली

स्वातंत्र्य आलं, राज्यघटना आली. १९५० साली हाच वर्ज्य मुलूख ‘अनुसूचित क्षेत्र’ झाला. नाव बदललं, मताचा हक्क सर्वांना मिळाला, जागा राखीव झाल्या. चांगलं झालं, ते चांगलंच म्हणू.

पुढं १ नोव्हेंबर १९५६ ला आपल्या डोक्यावर द्विभाषिक मुंबई राज्य लादण्यात आलं. १९५७ च्या निवडणुकीत मराठी मुलखानं त्याचा जबाब दिला, तो तुम्हाला पाठ आहे. मुंबईतून कॉम्रेड डांगे प्रचंड मतांनी निवडून गेले. पण त्याच निवडणुकीत पश्चिम खानदेशच्या राखीव जागेवरून लोकसभेवर कोण गेलं ते तुम्हाला कोणी सांगितलं का? लक्ष्मण वेडू वळवी, प्रजासमाजवादी पक्ष! तो पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीतला. म्हणजे परळचा साचेवाला आणि सातपुड्याचा भिल्ल एकाच लढ्याच्या माणसांना मत देत होते, एकमेकांचं तोंड न पाहता!

समितीचं तत्त्व काय होतं? चार पायांची चौरंगी मागणी होती ती. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकांची इच्छा. या चार कसोट्यांवर सीमा आखा, असं आपण घसा फोडून सांगत होतो. बेळगावला सांगत होतो, निपाणीला सांगत होतो, कारवारला सांगत होतो.

आणि १ मे १९६० ला काय झालं? मुंबई राज्याच्या पुनर्रचनेच्या कायद्यानं महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. आपण मुंबई मिळाली म्हणून गुलाल उधळला. उधळायलाच हवा होता. पण त्या कायद्याच्या शेवटी एक परिशिष्ट होतं. त्यात गावांची नावं होती. ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याची गावं होती, आणि पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदे या चार तालुक्यांतली १५६ गावं होती. एकशे छप्पन्न! ती सारी गुजरातेत गेली. तापीकाठचं कुकरमुंडे हे तळोदे तालुक्यातलं जुनं गाव आज गुजरातच्या तापी जिल्ह्यात आहे.

डांग गेला त्याची निदान ओरड तरी झाली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. या १५६ गावांसाठी कोणत्या चौकात सभा झाली? सार्वमत झालं? नाही. गावाच्या पारावर बसून कोणी विचारलं, “बाबांनो, तुम्हाला कुठं जायचंय?” नाही. लोकेच्छा हे तत्त्व बेळगावच्या फलकावर रंगवलेलं राहिलं, सातपुड्यात ते कोणी नेलंच नाही.

मग ही गावं का गेली? नकाशा पाहा. तापीवर उकाईला धरण बांधायची योजना त्या वेळी कागदावर तयारच होती. १९७२ साली धरण पुरं झालं, आणि त्याचं पाणी उच्छल, निझर या बाजूला पसरलं. गेलेल्या गावांतली कित्येक याच बाजूची. आम्ही आरोप करत नाही, सवाल करतो : सीमा भाषेनं आखली, की पाण्याच्या फुगवट्यानं? ज्याचं घर बुडणार होतं त्याला बुडायच्या आधीच दुसऱ्याच्या दप्तरात जमा करून टाकलं, म्हणजे ओरडायचं झालं तरी ओरडणार कोणाच्या दारात?

त्या रेघेची गंमत पाहायची असेल तर नवापूरच्या स्टेशनावर उतरा. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. एकाच फलाटावरून राज्यांची सीमा गेली आहे. बाकाच्या एका टोकाला महाराष्ट्र, दुसऱ्या टोकाला गुजरात. लोक हौसेनं फोटो काढतात. पण रेल्वेला ती रेघ अडवत नाही, मालाला अडवत नाही, भांडवलाला तर मुळीच अडवत नाही. ती अडवते कोणाला? ज्याच्या बहिणीचं सासर पलीकडं गेलं आणि ज्याच्या पोराच्या शाळेची भाषा एका रात्रीत बदलली, त्याला.

भाषा कोणाची?

आता एक कडू गोष्ट. ती आपल्याच लोकांविषयी आहे.

या मुलखासाठी दोन पंडित भांडत होते. एक म्हणे, भिल्लांची बोली गुजरातीच्या घरातली. दुसरा म्हणे, छे, ती मराठीच्या घरातली. ग्रियर्सन साहेबानं तर १९०७ साली भिल्ली बोलींचा खंड छापला, त्यात आपली खानदेशीही त्याच पंगतीला बसवली. भांडण दोघांचं चाललं होतं, पण ज्याच्या जिभेवरून ते चाललं होतं तो बाजूला उभा! त्याची भिल्ली, त्याची पावरी, मावची, देहवाली ही त्याची स्वतःची आहे, तिला त्याच्या आईचा आवाज आहे, हे दोघांपैकी एकानंही कबूल केलं नाही. दोघांना त्याची जमीन मोजायची होती. त्याची भाषा फक्त साखळी म्हणून वापरली.

आम्ही मराठीचे कट्टर अभिमानी आहोत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमचीही छाती फुगली. पण संयुक्त महाराष्ट्राचं तत्त्व काय होतं? आईच्या भाषेत शिक्षण, आईच्या भाषेत न्याय, आईच्या भाषेत राज्यकारभार. ते तत्त्व गुजराती शेठापुढं आणि दिल्लीपुढं मांडायचं आणि अक्राणीच्या पावरा पोरापुढं विसरायचं, हे चालणार नाही. सहा वर्षांचं ते पोर शाळेत येतं. मास्तर बोलतो ते त्याला कळत नाही, ते बोलतं ते मास्तराला कळत नाही. दोन वर्षांत ते शाळा सोडतं, आणि आपण दप्तरात लिहितो, ‘गळती’. अहो, पोर गळत नाही, शाळेलाच भोक पडलेलं आहे!

ज्या सातव्या घटनादुरुस्तीनं १९५६ साली भाषावार राज्यं आली, त्याच दुरुस्तीनं घटनेत ३५०-अ हे कलम घातलं. ते काय सांगतं? भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यानं करावी. म्हणजे भाषावार राज्य आणि आईच्या भाषेतली शाळा ही एकाच बाळंतपणातली जुळी भावंडं. आपण एकाला पालखीत बसवलं, दुसऱ्याला झोळीत टाकलं.

हे जमत नाही असं कोणी म्हणालं तर त्याला चिमलखेडी आणि निमगव्हाण दाखवा. १९९१-९२ मध्ये तिथं नर्मदेच्या खोऱ्यातल्या लोकांनी स्वतः ‘जीवनशाळा’ उभ्या केल्या. पोराच्या बोलीतून सुरुवात, मग मराठी. गवताच्या छपराखाली जे जमलं ते सिमेंटच्या मंत्रालयाला जमू नये?

दुसरं पाणी

तापीचं पाणी झालं. आता नर्मदेचं. ५ एप्रिल १९६१ ला, म्हणजे महाराष्ट्राला वर्षही पुरं झालं नव्हतं तेव्हा, पंडित नेहरूंनी गुजरातेत नर्मदेच्या धरणाची कोनशिला बसवली. मग राज्याराज्यांचा वाद लवादापुढं गेला आणि १९७९ साली निवाडा झाला. हिशेब नीट ऐका, गिरणी कामगाराला हिशेब कळतो. नर्मदेचं वाटायचं पाणी धरलं २८ दशलक्ष एकर-फूट. त्यातलं मध्य प्रदेशला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला अर्धा आणि महाराष्ट्राला पाव! २८ त पाव! विजेतला वाटा मात्र २७ टक्के.

आणि या पाव वाट्यासाठी बुडालं काय? अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली ३३ आदिवासी गावं. म्हणजे आज ज्या दोन तालुक्यांचा मिळून यादीतला मतदारसंघ क्रमांक १ झाला आहे, तेच दोन तालुके. काही कुटुंबं गुजरातेत वडोदरा जिल्ह्यात नेऊन बसवली. काहींसाठी १९९० नंतर तळोद्याचं जंगल मोकळं करून वसाहती केल्या. पुन्हा तेच : कोण कुठल्या राज्यात जाईल, पोर कुठल्या भाषेत शिकेल, हे पाण्याच्या पातळीनं ठरवलं.

मणिबेलीच्या लोकांनी पाण्यात उभं राहून ‘डूबेंगे पर हटेंगे नहीं’ म्हटलं. त्या हट्टामुळं जागतिक बँकेला चौकशी समिती नेमावी लागली, १९९२ साली तिचा अहवाल प्रतिकूल आला आणि १९९३ साली बँकेचं कर्ज थांबलं. डोंगरातल्या माणसानं वॉशिंग्टनच्या सावकाराला हलवलं! पण मुंबईच्या सरकारला हलवायला तो पुरा पडला नाही. का? कारण त्याच्या बाजूनं मुंबईत भोंगा वाजला नाही. १९८२ च्या १८ जानेवारीला सुरू झालेल्या संपात तुमचं कंबरडं मोडलं होतं. तुम्हाला स्वतःला उभं राहणं मुश्कील होतं. हा दोष तुमचा नाही. पण कारण हेच आहे.

२०१७ साली धरणाचं लोकार्पण झालं, २०१९ साली ते पुरं भरलं. वीज तारेनं खाली गेली. धरणाच्या काठच्या पाड्यांतल्या माणसानं ती तार डोक्यावरून जाताना पाहिली.

गिरणी आणि डोंगर

आता दोन्ही चित्रं शेजारी ठेवा.

१९९१ च्या नियमानं गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले. एक पालिकेच्या मोकळ्या जागेला, एक घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली त्या नियमात एक छोटीशी दुरुस्ती झाली : वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, इमारतीखालची जमीन वाटणीतून वगळली. एका ओळीत शेकडो एकरांचा हिशेब फिरला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती कायम केली. तुम्हाला विचारलं होतं? नाही.

१९६० च्या परिशिष्टात १५६ गावं गेली. त्यांना विचारलं होतं? नाही.

तुमच्या जागी मनोरे आले, त्यांच्या जागी जलाशय. तुम्ही ‘बदली’ म्हणून दारात उभे राहायचात, जॉबर बोट दाखवील त्याला काम. ते मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला सुरतेकडं जातात, बायकापोरांसकट. तुमची पोरं चाळ सोडून विरारपलीकडं गेली, त्यांची पोरं पाडा सोडून फडात जन्मतात. हत्यार एकच आहे भाऊ, फक्त मूठ वेगवेगळी.

आणि लढल्यावर मिळतं, हेही दोघांनी पाहिलंय. शेजारच्या शहादे तालुक्यात १९७१-७२ साली अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल तरुणाच्या मागं भूमिहीन शेतमजूर उभे राहिले. भूमुक्ती परिषद झाली, श्रमिक संघटना उभी राहिली, सालदाराची मजुरी वाढली, गेलेल्या जमिनी परत मागितल्या गेल्या आणि काही परत आल्याही. बायकांनी दारूचे गुत्ते फोडले. ज्याला आमदार-खासदारांनी वर्षानुवर्षं हात लावला नव्हता ते काम अर्धपोटी माणसांनी करून दाखवलं.

“पण आमदार तर आदिवासीच आहेत ना?”

असा प्रश्न पंचतारांकित शहाणे विचारतात. आहेत. जिल्ह्यातल्या चारही जागा २००९ च्या निवडणुकीपासून राखीव आहेत. राज्यात जमातींचे २५ आमदार आहेत. आमच्या या मुलखातून के. सी. पाडवी आधी अक्राणी आणि मग अक्कलकुवा मिळून सात वेळा निवडून गेले, २०१९ साली आदिवासी विकास मंत्रीही झाले. २०२४ साली त्यांना आमश्या पाडवींनी हरवलं. लोकसभेवर माणिकराव गावित ९ वेळा गेले. पाडवी गेले, पाडवी आले. माणसं वाईट होती असं आम्ही म्हणत नाही. आम्ही म्हणतो, एका खुर्चीनं पंगत बदलत नाही, वाढणारा हात बदलावा लागतो. पक्षाची शिट्टी मुंबईत वाजते आणि आमदार तिच्या तालावर हात वर करतो. हात आदिवासीचा, ताल दुसऱ्याचा.

मोठी माणसं इथं येतात, नाही असं नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात वाटलं. म्हणजे मोजणी सुरू करायची तर इथून, प्रचाराचा नारळ फोडायचा तर इथून, मतदारसंघाचा पहिला आकडा इथून. नारळाचं पाणी पाहुणे पितात, करवंटी गावाला राहते!

दुही पेरणाऱ्यांना उत्तर

कोणी म्हणेल, “हे लिहून तुम्ही गुजरात्यांविरुद्ध लोकांना भडकवता.” त्याला नंदुरबारच्या माणिक चौकात घेऊन जा. ९ सप्टेंबर १९४२ ला तिथं इंग्रजांच्या गोळीनं पाच कोवळी माणसं पडली. त्यांच्या पुढं होता १५ वर्षांचा शिरीषकुमार मेहता, घरात गुजराती बोलणारा पोर! त्याच्या शेजारी केतकर आडनावाचा शशिधर पडला. त्या रक्तात गुजराती किती आणि मराठी किती हे कोणी वेगळं करून दाखवावं. आमचं भांडण गुजराती माणसाशी नाही. त्याच्याही पोराला उसाच्या फडात नि हिऱ्याच्या घंटीवर राबवणाऱ्याशी आहे, आणि कष्टकऱ्याला न विचारता रेघ ओढणाऱ्याशी आहे, मग तो गांधीनगरचा असो, दिल्लीचा असो की मंत्रालयातला आपलाच असो.

दुसरा कोणी म्हणेल, “आपल्या राज्याची उणी काढली तर बेळगावचा लढा कमजोर होतो.” उलट आहे! यादीतला पहिला मतदारसंघ गुजरातच्या सीमेवर, तर शेवटचा, २८८ वा, जत, कर्नाटकच्या सीमेवर. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर हक्क सांगितला तो कशाच्या जोरावर? पाण्यासाठी तळमळून त्या गावांनी कधीकाळी केलेल्या ठरावाच्या जोरावर. त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याची सीमेवरची गावं म्हणू लागली, रस्ता नाही, पाणी नाही, आम्हाला गुजरातेत जाऊ द्या. अरे, यादीचं पहिलं टोक आणि शेवटचं टोक दोन्ही उसवत असताना मधला भरजरी कपडा काय कामाचा? विणकराला विचारा! काठ पक्का नसेल तर थान टिकत नाही.

सीमा पोलिसाच्या चौकीनं टिकत नाही. सीमा टिकते नळाच्या पाण्यानं, आईच्या भाषेतल्या शाळेनं आणि रात्री-अपरात्री उघड्या असलेल्या दवाखान्यानं.

आता करायचं काय?

२०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेनंतर मतदारसंघांची पुन्हा फेररचना व्हायची आहे. पुन्हा रेघा ओढल्या जातील, पुन्हा परिशिष्टं छापली जातील. १९६० ला आपण गुलालात होतो म्हणून परिशिष्ट वाचलं नाही. या वेळी आधी वाचायचं. म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. अनुसूचित क्षेत्रातल्या मतदारसंघांची एकही रेघ ग्रामसभेची सुनावणी घेतल्याशिवाय हलवता कामा नये.

२. ३५०-अ कलमाप्रमाणे भिल्ली, पावरी, मावची बोलणाऱ्या पोरांची शाळा त्यांच्या बोलीत सुरू झाली पाहिजे, आणि तिच्याच पायरीवरून मराठी शिकवली पाहिजे. त्या बोली येणारे मास्तर त्याच पाड्यांतून नेमले पाहिजेत.

३. सरदार सरोवराच्या २७ टक्के विजेचा आणि नर्मदेच्या पाव वाट्याचा पहिला लाभ बुडालेल्या ३३ गावांना आणि त्यांच्या वसाहतींना मिळाला पाहिजे. ज्याचं घर बुडालं त्याच्या घरात आधी दिवा.

४. १९६० साली गेलेल्या १५६ गावांत ज्यांना मराठी शाळा हवी असेल त्यांना ती मिळावी, आणि अलीकडं ज्यांना गुजराती हवी असेल त्यांना ती मिळावी. दोन्ही सरकारांनी बसून हे ठरवावं. पोरानं रेघेची शिक्षा भोगू नये.

५. गिरणी कामगारांच्या प्रत्येक मोर्चात सातपुड्याचा एक फलक असेल, आणि सातपुड्याच्या प्रत्येक मोर्चात गिरणीच्या घरांचा एक फलक असेल. हे सरकारकडं मागायचं नाही. हे आपण करायचं.

बंधूंनो, भगिनींनो! १९५७ साली परळनं आणि पश्चिम खानदेशानं एकमेकांना न पाहता एकाच बाजूला मत टाकलं आणि दिल्लीचं सिंहासन हललं. आता एकमेकांचं तोंड पाहून, हातात हात घेऊन उभं राहिलो तर काय होईल याचा विचार करा. दर १ मेला हुतात्मा चौकात हार घालणारे येतील, जातील. हार दुपारपर्यंत सुकतो. हुतात्म्याला हार नको, हिशेब हवा!

तो हिशेब मणिबेलीपासून सुरू होतो. यादीतला पहिला पंगतीत पहिला बसेल, त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्र पुरा झाला असं म्हणू. तोवर लढा चालू!

कामगार-आदिवासी एकजुटीचा विजय असो!
विचारल्याशिवाय रेघ नाही, आईच्या भाषेशिवाय शाळा नाही!
जय महाराष्ट्र!